सोरायसिससाठी अडालिमुमॅब: कोणतं बायोसिमिलर घ्यावं?

डॉक्टरांनी अडालिमुमॅब हे पेनने टोचून घ्यायचं औषध लिहून दिलंय, टीबीच्या तपासण्या उरकल्यात आणि आता ह्युमिरा हा मूळ ब्रँड घ्यायचा की बायोसिमिलर (म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली त्याची जवळपास तंतोतंत आवृत्ती), तेही कोणतं, एवढंच ठरायचंय, अशांसाठी हे लिहितोय.

पहिल्या प्रश्नावर फार डोकं शिणवू नका. २०१४ मध्ये भारतात एक्झेम्प्टिया हे बायोसिमिलर आलं, २०१८ च्या ऑक्टोबरात युरोपात एकदम चार उतरली, अमेरिकेत मात्र पेटंटांमुळे २०२३ उजाडलं. सिल्टेझो या बायोसिमिलरच्या चाचणीत तर सोरायसिसच्याच रुग्णांना ते आणि मूळ औषध आलटून पालटून दिलं, तरी गुण तेवढाच आला. माझ्या कोपरांनाही फरक कळला नाही. चट्टे ज्या गतीने ओसरत होते त्याच गतीने ओसरत राहिले.

फरक आहे तो सुईपाशी. जुन्या धाटणीच्या अडालिमुमॅबमध्ये बफर म्हणून, म्हणजे द्रावणाची आम्लता स्थिर ठेवायला, सायट्रेट असतं, आणि ते चरचरतं. मी सुरुवातीला असंच एक घेत होतो, नाव घेत नाही. बटण दाबलं की क्षणभर काहीच नाही, मग मांडीत ताज्या जखमेवर लिंबू पिळल्यासारखी आग. पेन फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा म्हणतात. ठेवलं, उन्नीस-बीसच फरक. तसा हा काही सेकंदांचाच मामला, पण नेमका तेव्हाच पेन उचलून घ्यायचा मोह होतो आणि औषध कातडीवर ओघळतं. शिवाय पंधरवडा भरत आला की 'आज नको, उद्या बघू' सुरू होतं. दर दोन आठवड्यांच्या औषधात अशी चालढकल महागात पडते. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

ह्युमिराने स्वतःही पुढे सायट्रेट काढून टाकलं. बायोसिमिलरांत हुलिओ आणि अ‍ॅमजेव्हिटा पहिल्यापासून सायट्रेटविना आहेत. युफ्लायमात सायट्रेट नाही आणि ४० मिग्रॅ औषध ०.८ ऐवजी ०.४ मिलीत बसवलंय. टोचल्याचं कळतं, बस. पेनला बटणही नाही, कातडीवर दाबलं की सुरू. बोटांचे सांधे धरलेल्यांना हे बरं पडावं. मी त्यावरच स्थिरावलोय. तुम्हाला हुलिओही तितकंच सौम्य वाटू शकेल, प्रत्येकाची कातडी वेगळी. हायरिमोझची मात्र गंमत आहे: नाव एकच, पण जुनं सायट्रेटवालं आणि नवं त्याविना. म्हणून खोक्यावर मिलीचा आकडा आणि आत कागदावर घटकांची यादी, दोन्ही बघून घ्या.

सुईचीच धास्ती असेल तर डॉक्टरांकडे उस्टेकिनुमॅब या सोरायसिसच्याच दुसऱ्या इंजेक्शनचा विषय काढून बघा. सुरुवातीचे दोन डोस झाले की ते बारा आठवड्यांनी एकदाच घ्यायचं असतं, आणि २०२४ पासून युरोपात उझप्रुवोसारखी त्याचीही बायोसिमिलर निघाली आहेत. सांध्यांचा त्रास जास्त असेल तर मात्र मी अडालिमुमॅबकडेच झुकेन.

आणि अडालिमुमॅब आधी लागू पडून नंतर पडेनासं झालं असेल, तर हा सगळा खटाटोप सोडा. शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असतील तर ती मूळ औषधालाही ओळखतात आणि बायोसिमिलरलाही. तिथे ब्रँड नव्हे, औषधच बदलावं लागतं.