वाकून काम करणाऱ्या पाठीसाठी घरचं पिलाटेस: दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

शेतात राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असं आमच्या दर्यापूर तालुक्यात कुणीही विचारेल. त्याचं उत्तर मला गेल्या काही महिन्यांत मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते. कापूस वेचताना, निंदताना, हरभरा सोंगताना आणि घरी आल्यावर शिलाई मशीनवर बसताना आमची पाठ एकाच दिशेला वाकते, पुढे. मागे ती दिवसभरात एकदाही जात नाही. कामानं अंग दमतं, पण सगळीकडून बळकट होत नाही. पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, कुल्ल्यांना पुरेसं काम मिळत नाही, खांदे पुढे येतात, आणि सगळा भार कंबरेच्या खालच्या भागावर पडतो. पिलाटेस म्हणजे चटईवर, श्वासासोबत हळूहळू करायचा व्यायाम; त्याचा घरी करायचा व्हिडिओ निवडताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर बाकीची निवड सोपी होते.

दिवाळीनंतर माझी कंबर इतकी धरायची की सकाळी उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावं लागे. अमरावतीला फिजिओथेरपिस्टना दाखवलं. मणका सरकलेला नाही, नसेवर दाब नाही, पण पोट-पाठ-कुल्ले यांचे स्नायू कमजोर आहेत, असं त्यांनी सांगितलं. हळूहळू करायचा, जमिनीवरचा व्यायाम सुचवला आणि पिलाटेसचं नाव घेतलं. तोवर मला ते नाव ठाऊक नव्हतं.

जोसेफ पिलाटेस हा जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेला माणूस. लहानपणी दमा आणि मुडदुसानं बेजार होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून छावणीत डांबलं, तिथं तो सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यानं आणि त्याची जोडीदार क्लारा हिनं वर्ग चालवला. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण 'क्लासिकल' म्हणून जे व्हिडिओ येतात त्यांतले बरेचसे याच क्रमाने जातात आणि त्यातले कित्येक व्यायाम नवख्या माणसाचे नाहीतच. पाय डोक्यामागे नेऊन खांद्यांवर तोल सांभाळायचा प्रकारसुद्धा त्यात आहे. शिवाय मूळ क्रमात पुढे वाकण्याचे, गोल होण्याचे व्यायाम भरपूर आहेत. दिवसभर खुर्चीत ताठ बसणाऱ्याला ते चालतील. दिवसभर वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून वाकणाऱ्या बाईला सुरुवातीला ते नकोत.

म्हणून मी असं पाहिलं की व्हिडिओत पालथं झोपून आणि कुशीवर झोपून करायचे व्यायाम किती आहेत. निम्मा वेळ डोकं-मान उचलून पोट आवळण्यातच जात असेल, तर तो सोडून दिला. दुसरं, शिकवणारी व्यक्ती श्वास केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा हे प्रत्येक वेळी सांगते का, हे तपासलं. पिलाटेसमध्ये श्वास नाकानं घेताना पोट फुगवायचं नसतं, बरगड्या दोन्ही बाजूंना उघडायच्या असतात. सोडताना ओटीपोट हलकेच आत आणि वर घ्यायचं. ते सांगितलंच नाही, तर उरतं फक्त हातपाय हलवणं. तिसरं, सोपा प्रकार दाखवतात का. 'मान दुखत असेल तर डोकं खाली ठेवा, पाय जमिनीवर ठेवा' एवढं वाक्य ज्या व्हिडिओत आहे, तो नवख्यांसाठी विचार करून केलेला आहे असं मी समजते. कॅमेरा बाजूनं असावा, म्हणजे कंबर आणि जमीन यांच्यात किती फट आहे ते दिसतं. स्प्रिंग लावलेल्या सरकत्या यंत्रावरचे व्हिडिओही समोर येतात, त्याला रिफॉर्मर म्हणतात. ते आपल्या कामाचे नाहीत. शोधताना 'मॅट' हा शब्द घालावा.

मला मिळालेले बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत किंवा हिंदीत होते. इंग्रजी कळलं नाही तरी अडत नाही, कारण तेच चार-पाच शब्द पुन्हापुन्हा येतात. शेवटी वीस मिनिटांचा एक हिंदी व्हिडिओ ठरवला आणि तो बदलला नाही. तालुक्याला गेले तेव्हा रेंजमध्ये उतरवून घेतला. क्रम पाठ झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवला, आणि तेव्हाच खरा व्यायाम सुरू झाला. पडद्याकडे पाहण्यासाठी मान वळवली की पाठीची सगळी ठेवण बिघडते.

आता व्यायामांबद्दल. सर्वांत जास्त फायदा मला पुलाच्या व्यायामाचा झाला. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून पावलं कुल्ल्यांच्या रुंदीइतकी दूर, श्वास सोडत आधी माकडहाड, मग कंबर, मग पाठ असा एकेक मणका जमिनीवरून सोडवत वर जायचं आणि त्याच क्रमाने उलटं खाली यायचं. माळेतला एकेक मणी उचलावा तसं. पहिले काही आठवडे माझी कंबर एकाच फळीसारखी वर जायची, मधला भाग तर मणक्यामणक्यानं सुटतच नसे, आणि मांडीच्या मागे गोळे यायचे. पावलं कुल्ल्यांच्या थोडी जवळ घेऊन आणि टाचा दाबून केल्यावर गोळे थांबले. हे फिजिओंनी फोनवर सांगितलं, व्हिडिओत नव्हतं.

दुसरा कुशीवरचा. गुडघे दुमडून कुशीवर झोपायचं, पावलं एकमेकांना चिकटलेली, वरचा गुडघा उघडायचा आणि मिटायचा. दिसायला काहीच नाही, पण दहाव्या वेळेला कुल्ल्याच्या बाजूला आग होते. कंबर मागे कलंडू द्यायची नाही, एवढीच अट. तिसरा पालथं झोपून पोहल्यासारखा: उजवा हात-डावा पाय, मग उलट, जमिनीपासून थोडेसेच वर. उंच उचलण्यापेक्षा लांब ताणण्याकडे लक्ष ठेवावं. दिवसभर वाकून आल्यावर हा केला की पाठ मोकळी होते.

'हंड्रेड' नावाचा प्रकार जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत येतो. पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, हात वरखाली, असे दहा वेळा म्हणजे शंभर ठोके. मी तो डोकं खाली आणि पावलं जमिनीवर ठेवूनच करते, आणि अजून डोकं उचलायची गरज वाटलेली नाही.

जागेचं थोडक्यात सांगते. पातळ योगा मॅटवर मणके टोचतात. पिलाटेसला जाड चटई लागते. मी गोधडीची दुहेरी घडी आणि वर सतरंजी घालते, ती फरशीवर घसरत नाही. साडीत कुशीवरचे व्यायाम नीट होत नाहीत, पंजाबी ड्रेस बरा. उन्हाळ्यात पहाटे ओसरीवर करत होते, कारण नंतर उन्हानं दिवसभर अंगात ताकदच राहत नसे.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अवं, झोपून कुठं व्यायाम होते काय?" गुढीपाडव्याच्या सुमारास त्याच म्हणाल्या, "मलेबी दाखव वं थे कंबर उचल्याचं." त्यांची साठी उलटली आहे. या वयात बाईची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, आणि अशा माणसानं पुढे गोल वाकण्याचे, पाठीवर लोळण्याचे व्यायाम करू नयेत, कारण मणका दबून मोडू शकतो. म्हणून त्यांना फक्त पूल आणि भिंतीला टेकून हात वर नेण्याचा व्यायाम दिला. गरोदर बाईनं तिसऱ्या महिन्यानंतर बराच वेळ उताणं झोपून व्यायाम टाळावा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

फरक कधी पडला? संक्रांतीच्या आसपास, कापसाच्या दुसऱ्या वेच्याच्या वेळी. ओटी भरली की वजन पुढे ओढतं आणि कंबर खचते; त्या वेळी श्वास सोडत ओटीपोट आत घेण्याची सवय आपोआप लागलेली होती. गाठोडं उचलताना कंबरेतून न वाकता कुल्ल्यातून वाकायला लागले. सकाळी आता सरळ उठता येतं. शिलाईच्या लग्नसराईत दुखणं पुन्हा आलं, पण अंथरूण धरावं लागलं नाही.

जे होत नाही तेही सांगायला हवं. वजन कमी झालं नाही. दम वाढवायला हा व्यायाम पुरेसा नाही; जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते, तो भरभर चालण्यातून किंवा कष्टातून मिळतो. कंबरदुखीवर पिलाटेसचे जे प्रयोग झाले, त्यांचा कॉक्रेन या संस्थेनं २०१५ मध्ये आढावा घेतला. काहीच खास न करण्यापेक्षा हा बरा, पण इतर व्यायामांपेक्षा तो सरस आहे असा पक्का पुरावा नाही, असं त्यातून निघालं. मला ते पटतं. आमच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. योगासनं, सूर्यनमस्कार आमच्या मुलखाला नवे नाहीत. ज्यांचे सूर्यनमस्कार नीट चालू आहेत त्यांनी ते सोडून इकडे यायचं कारण नाही. माझ्या कंबरेला मात्र उभ्यानं पुढे वाकणं सोसत नव्हतं, आणि झोपून करता येईल असं काही हवं होतं.

पायात मुंग्या येत असतील, दुखणं गुडघ्याखाली उतरत असेल, किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्हिडिओ शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

आता पेरणी झाली की निंदण लागेल आणि वीस मिनिटं मिळणार नाहीत. त्या दिवसांसाठी जाऊबाई आणि मी मिळून क्रम ठरवला आहे: शेतातून आल्यावर हातपाय धुऊन आधी पालथं झोपून पोहण्याचा, मग दोन्ही कुशी, शेवटी पूल. चहा उकळायच्या आत होतो.