मुलाच्या व्हायोलिनच्या वर्गात पालकाने आत बसावं की बाहेर थांबावं?

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी वर्ग शोधायला निघालं की दोन तऱ्हेचे शिक्षक भेटतात. एक म्हणतात, मुलाला सोडा आणि वेळ संपली की न्यायला या. दुसरे म्हणतात, तुम्हीही आत बसा, वही आणा, जमलं तर स्वतःही वाजवा. ही दुसरी रीत रुजवली ती जपानी व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी (1898–1998) यांनी. मूल जसं घरात ऐकून ऐकून बोलायला लागतं तसंच वाजवायलाही लागेल, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे शिकायच्या धुनांचं रेकॉर्डिंग घरात रोज लावायचं, आणि सराव करून घेण्याइतकं पालकाने आधी स्वतः शिकायचं.

आमच्या मुलीसाठी आम्ही दोन्ही करून पाहिलं.

बाहेर थांबण्यात सुख आहे, ते नाकारत नाही. आपला तेवढा वेळ मोकळा, आणि मूलही शिक्षकांशी लवकर रुळतं. आत बसलं की ते प्रत्येक सुरानंतर आपल्याकडे बघतं; शिक्षक काही बोलायच्या आत आपल्या कपाळावरची आठी त्याच्यापर्यंत पोचलेली असते. संगीत येणाऱ्या पालकांची तर पंचाईतच, गप्प बसवत नाही. या बाबतीत माझं अज्ञान कामाला आलं.

तरी माझा कौल फिरला तो घरच्या कटकटीमुळे. वर्ग आठवड्यातून एकदा, बाकीचे सहा दिवस घरचे. वहीत लिहून यायचं, ‘गज नीट धरणे’; गज म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची काठी. नीट म्हणजे कसा? मुलगी म्हणणार, "बाई असंच सांगतात." मला ते खोडता येईना आणि मान्यही करवेना. "बाबा, तुला काय माहीत?" इथे संवाद संपायचा. तोवर अंगठा ताठ ठेवायची सवय आठवडाभर मुरायची, आणि पुढचा अर्धा वर्ग ती मोडण्यात जायचा.

आत बसायला लागल्यावर अंगठा किंचित वाकलेला हवा आणि करंगळीही ताठ नको, हे डोळ्यांनी पाहिलं. स्वतः गज धरला तेव्हा माझाही अंगठा ताठच होत होता! मग एका वेळी किती मागायचं याचा अंदाज आला. चार ओळी वाजवून घेण्याऐवजी नुसता गज धरायचा, सोडायचा, परत धरायचा. तेवढ्यावर त्या दिवशीचा सराव संपवला तरी चालतं हे कळलं. भांडणं पुरती थांबली असं नाही, पण "बाईंनी काय सांगितलं" यावरची थांबली.

अर्थात हा एका मुलीचा अनुभव. आठ-नऊ वर्षांचं मूल सूचना लक्षात ठेवून घरी आणू शकतं, तिथे पालकाने बाहेर थांबणंच बरं. सुझुकी पद्धतीतही मूल मोठं होईल तसा पालक मागे सरतो. आणि आत बसणार असाल तर शक्यतो एकानेच बसावं. या खेपेला आई, पुढच्या खेपेला आजोबा असं झालं की टिपणांचा धागा तुटतो.

दर वेळी पूर्ण वर्ग बसणं जमणार नसेल, तर शेवटची पाच-दहा मिनिटं तरी आत येऊ द्या म्हणून विचारा आणि घरी करायचा भाग फोनवर चित्रित करून घ्या. लहान मुलाच्या बाबतीत एखाद्या शिक्षकांना तेवढंही नको असेल, तर ते कितीही नावाजलेले असले तरी मी आणखी एखादा वर्ग बघून येईन.