हाकू माकींचं वाडग्याचं प्रिंट : आठ महिन्यांनंतर

गेल्या रविवारी जपानी मुद्राचित्रकार हाकू माकींचं हे प्रिंट फ्रेममधून बाहेर काढलं आणि काळजात चर्र झालं. चावानच्या, म्हणजे चहाच्या वाडग्याच्या, उजव्या काठाचा उठाव, म्हणजे कागद दाबून वर आणलेला भाग, बसला होता. ज्या उठावासाठी पैसे मोजले, तोच! फ्रेमवाल्याने काच थेट कागदाला टेकवली होती. टोकियोच्या जिंबोचो भागातल्या जुन्या दुकानात प्रिंट १८ हजार येनला मिळालं, फ्रेमला ११ हजार दिले, आणि एवढ्या पैशांत त्याला मध्ये एक जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालता आला नाही. विचारायला गेलो तर म्हणाला, पावसाळ्यात कागद असा बसतोच. बसेलच, वरून काच दाबत असेल तर!

खरं तर पहिले दोन महिने मी प्रिंटलाच दोष देत होतो. छतावरच्या पांढऱ्या दिव्याखाली वाडगा म्हणजे नुसता तपकिरी डाग दिसायचा. मग एका रात्री मोठा दिवा मालवून टेबललॅम्प भिंतीलगत ठेवला. काठाखाली खरीखुरी सावली पडली, पोटावरचा खडबडीतपणा वर आला, बोट फिरवावंसं वाटलं. तेव्हापासून मत पार बदललं. हे प्रिंट समोरच्या उजेडात बघायचंच नाही, उजेड बाजूने तिरपा हवा.

माकी (१९२४–२०००) लाकडी ठोकळ्यावर ओलं सिमेंट थापून त्यात आकार कोरायचे आणि त्यावर कागद दाबून छापायचे. शाई न लावता नुसता दाब देऊन नक्षी उठवायची काराझुरी जुन्या उकियो-ए (लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी) चित्रांतही आहे, पण तिथे ती किमोनोच्या विणीसारखी नाजूक. इथे कागद इतका खोल दाबलाय की प्रिंट उलटं केलं तर मागे वाडग्याचा खळगा दिसतो. भट्टीतून निघालेल्या मातीचा खरखरीतपणा नुसत्या रंगाने आला नसता, तो त्या सिमेंटमुळे आलाय.

आता लाकडी पट्ट्या आणून काच आणि कागद यांत ५ मिलिमीटर अंतर ठेवलंय. खर्च ६०० येन. प्रिंट वरच्या दोन कोपऱ्यांत वाशीच्या (जपानी हातकागदाच्या) पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगलंय. चिकटपट्टी अजिबात लावू नका. बसलेला काठ पाणी मारून किंवा इस्त्रीने उठवायच्या फंदातही पडू नका, उरलेला उठावही जाईल.

माझा उजवा काठ काही परत आला नाही. डावा शाबूत आहे, म्हणून दिवा आता डावीकडे ठेवलाय.