एक्स्टेंड्स की इन्क्लूड?

धरमपेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात एका संत्रा व्यापाऱ्याची साइट सुरू होती, जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क). आधी मी सगळं इन्क्लूडवर, म्हणजे तयार तुकडा पानात ओढून घ्यायच्या टॅगवर, उभं केलं: वर हेडर, खाली फूटर, प्रत्येक पानात दोन ओळी. सोपं वाटतं. पण हेडरमध्ये उघडलेला डिव्ह (एचटीएमएलचा चौकटीचा टॅग) फूटरमध्ये बंद होतो, आणि मधल्या पानात कुणी एक जास्तीचा बंद केला की लेआउटचा पार चिवडा. समोरचा तर्री पोहा थंड होईस्तोवर तो डिव्ह शोधला आहे मी.

एक्स्टेंड्समध्ये, म्हणजे एका साच्याचा वारसा घेतला की, पानाचा सांगाडा एकाच बेस फाइलीत पूर्ण असतो. पानं फक्त आपापले ब्लॉक, म्हणजे त्यातल्या नाव दिलेल्या जागा, भरतात. मूळ मजकूर ठेवून भर घालायची तर ब्लॉक डॉट सुपर आहे (जिंजा या दुसऱ्या टेम्पलेट भाषेत नुसतं सुपर, कंस लावून). खोच एवढीच, की चाइल्ड टेम्पलेटमध्ये, म्हणजे बेसवर बेतलेल्या पानात, ब्लॉकबाहेर लिहिलेलं एचटीएमएल जँगो गुपचूप गाळतो, एरर देत नाही. नव्या पोरांचा अर्धा दिवस यातच जातो.

तीनपेक्षा जास्त पायऱ्यांचा वारसा मला नकोच वाटतो. कुठला ब्लॉक कुठून आला, पत्ताच लागत नाही. दराचं कार्ड मात्र इन्क्लूडच ठेवलं. चार पानांवर तेच लागतं, आणि ओन्ली लावलं की बाहेरची व्हेरिएबल्स आत घुसत नाहीत.