तारा, प्लेट की अलाइनर? मुलाच्या बोलण्याच्या बाजूने पाहिलं तर

मुलाचे दात सरळ करायचे ठरले की आईवडील विचारतात कसं दिसेल आणि किती दिवस लागतील. मुलाच्या डोक्यात मात्र वेगळंच असतं: वर्गात उभं राहून वाचताना 'स' नीट निघेल ना?

उपकरण जिभेची किती जागा अडवतं, त्यावर याचं उत्तर ठरतं. स, श, 'चाक'मधला च, 'जाळं'मधला ज म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दातांमागे बारीकशी फट ठेवते आणि हवा तिथून घासत बाहेर येते. ही फट केसभर बदलली तरी कानाला कळतं. त, द, न, ल याच भागाला जीभ टेकवून निघतात. ट, ड, ळ म्हणताना जीभ वळून टाळूकडे जाते.

दातांच्या बाहेरून लावलेल्या नेहमीच्या तारा यातल्या कशातच आड येत नाहीत. ओठ आणि गाल हुळहुळतात, मूल चार दिवस तोंड जपून उघडतं, एवढंच. फक्त बोलण्याचाच विचार करायचा तर मी डोळे झाकून याच निवडेन.

आतून लावायच्या तारा चारचौघांना दिसत नाहीत, पण त्यांचा सगळा जाच जीभ सोसते. ती सोलवटते, 'स' बोबडा होतो आणि सरावायला काही आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. लहान वयात त्या फारशा सुचवतही नाहीत.

अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचं, साधारण पाऊण मिलिमीटर किंवा त्याहून पातळ प्लास्टिकचं आवरण. पहिले काही दिवस 'स' जरा जाड येतो, मग कानाला खटकत नाही. टाळूवर अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कडक प्लास्टिक, असलेल्या प्लेटचं तसं नाही. जिभेवरचं छतच बदलतं, लाळ सुटते, ळ अडखळतो. खालचा जबडा पुढे आणणाऱ्या ट्विन ब्लॉकमध्ये तर वरखाली ठोकळे असतात, त्यामुळे सुरुवातीला मूल तोंडात घास धरून बोलल्यासारखं बोलतं.

काढता येतं म्हणून अलाइनर किंवा प्लेट सोयीची, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. मूल बोलायच्या वेळी ती काढून डबीत ठेवतं, म्हणून जीभ सरावत नाही. जीभ सरावत नाही, म्हणून ते पुन्हा काढतं. अलाइनर दिवसातले वीस ते बावीस तास तोंडात हवा. तेवढा राहिला नाही तर दातही ठरल्याप्रमाणे हलत नाहीत. मूल लाजरं असेल तर पक्क्या बसवलेल्या ताराच बऱ्या. काढायचा मोहच नको.

टाळू रुंद करणारा एक्सपांडर यात सगळ्यात अवघड. मधोमध स्क्रू, किल्लीने पाव फेरा दिला की तो साधारण पाव मिलिमीटर उघडतो. रुंदी मिळाल्यावरही हाड भरेपर्यंत तो काही महिने तसाच ठेवतात. शिवाय मधेच वरच्या दोन पुढच्या दातांत फट पडते आणि 'स' शिट्टीसारखा येतो. ती फट पाहून घाबरू नका, टाळू रुंदावत असल्याची ती खूण आहे. पुढे ती बुजते. पण जबडा अरुंद असेल तर एक्सपांडरची जागा तारा घेऊ शकत नाहीत. तिथे निवड बोलण्यावरून करता येत नाही, फक्त वेळ निवडता येते: नाटक किंवा तोंडी परीक्षा तोंडावर असेल तर डॉक्टरांना तसं सांगून ठेवा.

पुढचे दात मिटत नसल्याने मूल आधीपासूनच बोबडं बोलत असेल, तर दात जुळले म्हणून जिभेची सवय आपोआप सुटेलच असं नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्ट वेगळे लागू शकतात.

बाकी सगळ्यांना घरचा उपाय एकच: उपकरण तोंडात ठेवूनच रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं. ळ साठी 'काळे राळे, गोरे राळे' आहेच. महिनाभराने एखादा वर्ण अडतच असेल तर नेमका कोणता ते ऑर्थोडोंटिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, सांगा. पुढच्या दातांमागचं अ‍ॅक्रिलिक बरेचदा थोडं घासून पातळ करता येतं.