फोल्डस्कोप : विज्ञानाच्या तासाला घ्यावाच असा कागदी सूक्ष्मदर्शक

सातवीला पेशी शिकवायची म्हणजे कपाटातला एकुलता एक सूक्ष्मदर्शक काढायचा आणि अख्ख्या वर्गाची रांग लावायची. पाळी आलेलं पोर जेमतेम डोळा लावतं, 'दिसलं, बाई!' म्हणतं आणि पळतं. काय दिसलं, कुणास ठाऊक.

फोल्डस्कोपमुळे माझी ही अडचण सुटली. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी बनवलेला हा घडीचा सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. मुलं तो स्वतःच जुळवतात, म्हणून जपतातही. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, वर पाण्याचा थेंब टाकला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी ओरडली, "बाई, विटांची भिंत!" मग तिने वहीत एकेक वीट काढली, आतल्या केंद्रकासकट. आयोडीनचा थेंब घातला, तर केंद्रक आणखी ठळक दिसतं.

सोबतच्या चुंबकाने तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. मग सगळा वर्ग एकदम बघतो. ढगाळ दिवसांत बॅटरी जवळ ठेवा. जुळणी मात्र शिक्षकांनी आधी घरी करून बघावी. चार-पाच मुलांत एक पुरतो, तेवढे तरी घ्याच.