थायरॉइड अँटीबॉडी तपासणी : गंगापूर रोडवरील एका लॅबचा अनुभव

डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडचे काम नियंत्रित करणारे संप्रेरक) चाचणीबरोबर अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची) चाचणीही सांगितल्यामुळे आईला नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका लॅबमध्ये नेले. दंडाला पट्टा बांधण्यापूर्वीच तेथील ताईंनी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, असे आवर्जून विचारले. बायोटिनमुळे काही यंत्रांवर आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवा आणि दोन दिवसांनी या, असे सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवले. हाती आलेले गिऱ्हाईक असे सोडणे मला फार मोलाचे वाटते. उपाशीपोटी येण्याची गरज नव्हती, हे मधुमेह असलेल्या आईच्या सोयीचे झाले. रिपोर्टवर चाचणीची पद्धत आणि संदर्भ मर्यादा (सामान्य मानल्या जाणाऱ्या आकड्यांची कक्षा) स्पष्ट छापलेली होती. ही मर्यादा लॅबनुसार बदलते, त्यामुळे पुढची तपासणीही येथेच करू. दरपत्रक मात्र दर्शनी भागात लावायला हवे.